खोडलेली ओळ

“मी एक वाक्य वाचते. ते कुणाचं आहे तेवढं सांगा,” इनामदार मॅडम म्हणाल्या.

त्यांच्यापुढे टेबलावर दोन रेझ्युमे होते. एक माझा. दुसऱ्यावरचं नाव त्यांनी तळहाताने झाकून धरलं होतं. शेजारी एचआरचे देवस्थळी बसले होते. इतका वेळ ते मोबाइलमध्ये बघत होते, आता त्यांनीही मान वर केली.

मॅडमनी वाक्य वाचलं. इंग्रजीत, सावकाश. त्याचा अर्थ असा होता, की लॅबमधली वीज गेली तरी एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून जुळणीची एक स्वतंत्र पायरी मी आखली आणि बांधली.

“माझं आहे,” मी म्हणाले.

“पण तुमच्या रेझ्युमेत हे नाही. तुम्ही लिहिलंय, रिपोर्ट विभागाच्या चाचणीत टीमला सहाय्य केलं.”

“हो.”

“आणि हे वाक्य दुसऱ्याच माणसाच्या रेझ्युमेत आहे. कंपनी तीच, प्रोजेक्ट तेच, म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मग तुमचं कसं?”

ते वाक्य माझंच होतं. शब्द न शब्द माझा होता. मी तो तीन रविवार खपून जुळवला होता. आणि तो माझ्या कागदावरून कधी गेला, कुणी घालवला, हेही मला पक्कं माहीत होतं. फक्त तो जाऊन कुठे बसला होता, ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“तो हर्षल टिपणीस सरांचा रेझ्युमे आहे का?” मी विचारलं.

मॅडम आणि देवस्थळी एकमेकांकडे बघायला लागले.

ही गोष्ट मार्च २०११ची. मी सव्वीस वर्षांची होते. बार्शीची, सोलापुरात इंजिनिअरिंग केलेली. पुण्यात खराडीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत साडेतीन वर्षं काढली होती आणि आता बाणेरच्या या मोठ्या कंपनीत मुलाखतीची दुसरी फेरी देत होते. आम्ही खराडीत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. लॅबमधल्या यंत्राने रक्त तपासलं की आकडे आपोआप आमच्याकडे यायचे, रिपोर्ट तयार व्हायचा, डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसायचा. आमच्या सात जणांच्या टीमचे प्रमुख म्हणजे हर्षल सर.

२००९च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयातून तक्रार आली. एका सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या हातात दुसऱ्याच कुणाचा काविळीचा रिपोर्ट पडला होता. तिला तातडीने दुसरीकडे हलवलं, तिथे पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा कळलं की तिला काहीच झालेलं नाही. आणि ज्याला खरंच कावीळ होती तो माणूस सगळं नॉर्मल असल्याचा कागद घेऊन घरी गेला होता. त्याला शोधून काढायला चार दिवस लागले. तो वाचला. पण ती बातमी ऑफिसात आली तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

पुण्यात बसून चूक सापडेना. आमच्याकडे सगळं बरोबर चालायचं. हर्षल सर म्हणाले, “लॅबवाल्यांनीच घोळ घातला असणार. तसं लिहून कळवू.” मी म्हटलं, मी जाऊन बघते. ते म्हणाले, जा, पण दोन दिवसांच्या वर नको.

मी चार दिवस राहिले. वाबळे नावाचे तिथले टेक्निशियन होते, पन्नाशीचे. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. रुग्णालयात इन्व्हर्टर होता, पण तो डॉक्टरांच्या केबिनला आणि पंख्यांना जोडलेला. यंत्र बंद पडलं. वीस मिनिटांनी लाइट आली, वाबळेंनी बटण दाबलं, यंत्र सुरू झालं, आणि त्याने पुढच्या नमुन्याला नंबर दिला: एक.

“वाबळे काका, सकाळीही एक नंबर होता ना?”

“होता की. लाइट गेली का हे पहिल्यापासून मोजतं. मी वहीत पेनाने खूण करतो.”

आमचं सॉफ्टवेअर ती वही कुठून बघणार? त्याच्या लेखी सकाळचा एक आणि दुपारचा एक हा एकच पेशंट होता. मी तिथेच बसून कागदावर मांडणी केली. यंत्राच्या नंबरावर विसंबायचंच नाही. नमुना घेतानाच आपला वेगळा नंबर द्यायचा, आणि दोन्हीकडची वेळ जुळल्याशिवाय रिपोर्ट पुढे सोडायचाच नाही. पुण्याला येऊन सहा आठवड्यांत ते बांधलं. पुढे एकोणीस रुग्णालयांत ते गेलं आणि तशी तक्रार पुन्हा आली नाही.

हे मी त्या दोघांना सांगायला सुरुवात केली. तोवर आमचं बोलणं इंग्रजीवरून मराठीवर कधी आलं होतं ते कळलंही नाही. मॅडम ऐकत होत्या. देवस्थळींनी मला मध्येच थांबवलं.

“एक मिनिट. टिपणीस आता आमच्याकडेच आहेत. डिसेंबरमध्ये जॉइन झालेत, चौथ्या मजल्यावर. त्यांनाच बोलावू या ना. दोन मिनिटांत सोक्षमोक्ष.”

मॅडम म्हणाल्या, “मुलाखत चालू असताना?”

“उमेदवार म्हणतेय की आमच्या माणसाच्या रेझ्युमेत तिचं काम आहे. हा आरोप आहे मॅडम. त्यांना बोलू नको द्यायला?”

त्यांनी फोन लावला.

हर्षल सर आमच्याकडे फार आवडते होते. मलाही आवडायचे. कुणावर आवाज चढवत नसत, कुणाची आई आजारी असली तर स्वतःहून घरी पाठवत. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते आम्हा ज्युनियरांना काही ना काही शिकवायचे. २०१०च्या ऑगस्टमध्ये त्यांनी विषय घेतला होता, रेझ्युमेतल्या चुका. फोटो चिकटवू नका. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, धर्म, काही लिहू नका. एकदा नुसतं पुस्तक चाळलेल्या दहा भाषा ‘येतात’ म्हणून लिहू नका, पहिलाच प्रश्न त्यावर येतो. दोन पानांच्या वर जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी तोच रेझ्युमे पाठवू नका. आम्ही वह्यांमध्ये लिहून घेत होतो. आमच्यातल्या कुणालाच हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले होते, “आणि सगळ्यात मोठी चूक. ज्युनियर माणूस लिहितो, मी डिझाइन केलं, मी बांधलं, मी उभारलं. समोरच्याला हसू येतं. तीन वर्षांच्या अनुभवात कोण काय उभारतं? टीममध्ये होतो, मदत केली, असं लिहा. नम्र माणूस सगळ्यांना हवा असतो.”

बाकीचं सगळं बरोबर होतं, म्हणून तेही बरोबर वाटलं.

“प्रिंट काढून द्या, मी घरी नेऊन तपासतो,” असंही ते म्हणाले. आम्ही चौघांनी दिले. चार दिवसांनी माझा कागद परत आला. लाल पेनाने जागोजागी सुधारलेला. समासात बारीक अक्षरात सूचना. माझ्या त्या ओळीवर सरळ पट्टीने रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, पोकळ वाटतं, ‘सहाय्य केलं’ एवढं पुरे. मी त्यांचे आभार मानले. बार्शीहून आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांतले चार डब्यात घालून त्यांना दिले.

हर्षल सर आत आले तेव्हा मला बघून क्षणभर थबकले, मग छान हसले.

“अरे, कल्याणी! तू इथे? वा. कशी आहेस?”

मी उभी राहिले. सवयीने. याचा मला आजही राग येतो.

देवस्थळींनी विचारलं, “टिपणीस, ही कल्याणी बारबोले तुमच्या टीममध्ये होती ना? हिचं काम काय होतं?”

“हो, हो. खूप गुणी मुलगी. टेस्टिंगला मदत करायची, क्लायंटकडे जाऊन यायची. कष्टाळू आहे. तुम्ही घ्याच हिला.” मग माझ्याकडे वळून, “मी सांगितलंय हां, तुझ्याविषयी चांगलंच.”

त्यांच्या बोलण्यात कुठे खोटेपणाची खूणसुद्धा नव्हती. मला वाटतं, मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. ते मनापासून माझी शिफारस करत होते.

मॅडमनी विचारलं, “आणि ही रिपोर्टच्या जुळणीची पायरी? ती कुणी आखली?”

“ती माझी. माझ्या रेझ्युमेत आहेच.”

“सर,” मी म्हणाले. “ते वाक्य माझं आहे. तुम्ही माझ्या कागदावर ते खोडलं होतं.” मग मॅडमकडे वळून म्हणाले, “मॅडम, मी तो कागद अजून पाहिलेला नाही. पण त्या वाक्यात ‘सेपरेट’चं स्पेलिंग चुकलेलं असणार. मधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’ असेल. मी शाळेपासून ते चुकत आले आहे.”

मॅडमनी चष्मा सावरून कागद जवळ घेतला. मग देवस्थळींच्या समोर धरून एका शब्दावर बोट ठेवलं.

हर्षल सर हसले. “मॅडम, रेझ्युमे करताना मी सगळ्या मुलांना मदत करायचो. माझा नमुना म्हणून दाखवलाही असेल. तिने तिथे ती चूक पाहिली असणार. आणि स्पेलिंग काय, माझंही चुकतं.” मग माझ्याकडे बघून अगदी हळू, समजुतीच्या सुरात, “कल्याणी, नोकरीची गरज मी समजू शकतो. पण असं नको करूस. तुझंच नाव खराब होईल.”

तीन वर्षं मी ज्याला सर म्हणत होते तो माणूस मला चोर ठरवत होता, आणि तेही माझ्या भल्यासाठी.

भिंतीला पांढरा फळा होता. मी पुढे झाले, पेन घेतलं, त्यावर दोन चौकोन काढले. एकावर लिहिलं यंत्र, दुसऱ्यावर आपलं सॉफ्टवेअर.

“सर, तुम्ही आखलंय ना? मग एवढंच सांगा. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला का जात होता?”

“अगं, सिंकचा इश्यू होता. डेटा नीट सिंक होत नव्हता.”

“का होत नव्हता?”

“लोड. एका वेळी फार रिक्वेस्ट यायच्या.”

“दिवसाला साठ पेशंट यायचे तिथे. साठांचा काय लोड?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “दोन वर्षं झाली त्याला. सगळे तपशील कुणाच्या लक्षात राहतात?”

“मला आहेत,” मी म्हणाले. आणि फळ्यावर लाइट गेल्यापासूनचं सगळं मांडलं. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कुठून मोजतं, वाबळेंच्या वहीतली पेनाची खूण, वेळ जुळली नाही तर रिपोर्ट कुठे अडवून ठेवायचा, आणि दोन्ही घड्याळं पुढेमागे असली तर काय करायचं. या शेवटच्या भागात मी पहिल्यांदा चूक केली होती, तीही सांगितली. मॅडमनी तीन प्रश्न विचारले, चांगले अवघड. तिन्हींची उत्तरं मी दिली. हर्षल सर दाराजवळ उभे होते. मॅडमनी चौथा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, “मला मीटिंग आहे,” आणि गेले.

मॅडमनी मग तो झाकलेला कागद माझ्यासमोर सरकवला. “बघ,” म्हणाल्या. तुम्हीवरून त्या तूवर आल्या होत्या. देवस्थळी म्हणाले, “मॅडम, हे नियमात बसत नाही.” मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी माझी ओळ पाहिली. खालच्या ओळींवरूनही नजर फिरली. पण तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की त्या नुसत्या डोळ्यांखालून गेल्या.

लिफ्टपाशी हर्षल सर उभे होते. मीटिंग वगैरे काही नव्हती. माझी वाट बघत होते.

“काय मिळवलंस?” ते म्हणाले. आता आवाजात गोडवा नव्हता, पण रागही नव्हता. दमल्यासारखे दिसत होते.

“माझं होतं ते माझं आहे म्हणाले, एवढंच.”

“टीमचं काम लीडचंच असतं, कल्याणी. सगळीकडे असंच असतं. उद्या तू लीड झालीस की कळेल.”

“मग माझी ओळ का खोडली? तुमची तुम्ही लिहायची, माझी माझ्याकडे राहू द्यायची.”

“मी खोडली, पण तुझा हात धरून ठेवला होता का? तू स्वतः टाइप केलंस, सहाय्य केलं. तुझ्या हाताने. मी आत येऊन काय सांगितलं? तुझ्याच कागदावरचं वाचून दाखवलं. त्यात खोटं काय?”

लिफ्ट आली. मी गेले नाही. जिन्याने उतरले, सहा मजले. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहवलं नसतं. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून नाही, तर त्याला माझ्यातलं जे अचूक ओळखता आलं होतं त्यामुळे. माझ्यासारख्या मुलीला खोडायला सांगितलं की ती खोडते आणि वर लाडू देते, हे त्याला ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये, औंधच्या पुढे कुठेतरी, त्या कागदावरच्या बाकीच्या ओळी आठवू लागल्या. त्यातली एक होती, पेशंटची यादी उघडायला चाळीस सेकंद लागत, ते दोन सेकंदांवर आणलं. हे काम हर्षल सरांनी केलं नव्हतं. ते इरफानने केलं होतं.

इरफान तांबोळी अकलूजचा. माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. मोजकं बोलणारा. ती यादी वेगाने उघडावी म्हणून तो दीड महिना तिच्यामागे लागला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑगस्टमध्ये कागद दिलेल्या चौघांत तोही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला ऑफिसच्या गच्चीवरच्या कँटीनमध्ये नेलं.

“तुझा रेझ्युमे सरांनी तपासलेला, तो कागद आहे का अजून?”

“आहे ना. इथेच आहे, ड्रॉवरमध्ये. का?”

तो घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये जपून ठेवला होता. “सरांनी किती बारकाईने पाहिलंय बघ,” म्हणाला. “माझ्यासाठी एवढा वेळ आजवर कुणी दिला नव्हता.”

चाळीस सेकंदांच्या ओळीवर पट्टीने मारलेली लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, आकडे फुगवल्यासारखे वाटतात, काढ.

मी त्याला बाणेरचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. सांगून झाल्यावर त्याने तो कागद फोल्डरमधून बाहेर काढला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

“म्हणजे हे चाळीसचं दोन खरंच झालं होतं?” तो म्हणाला.

“अरे, तूच केलंस! मला काय विचारतोस?”

“सर म्हणाले फुगवलेलं वाटतं. मग मला वाटलं, मी मोजण्यात चूक केली असेल. इतकं काही आपल्या हातून होणार नाही.” त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला. “जानेवारीत मला दोन ठिकाणांहून फोन आले होते. मी गेलोच नाही. म्हटलं, जाऊन सांगणार काय? आपल्याला काय येतं?”

माझी स्वतःची ओळ गेली तेव्हाही मला इतका संताप आला नव्हता. साडेतीन वर्षं काम करणारा हुशार पोरगा, स्वतः केलेलं काम आपण केलंच नाही असं मानून बसला होता. एका लाल रेघेने. आणि ज्याने रेघ मारली त्याचा कागद जपून ठेवला होता.

“ऊठ,” मी म्हणाले. “मॅडमना फोन लावतेय. तू बोलायचंस.”

“मी? मी काय बोलू?”

“चाळीसचं दोन कसं केलंस ते सांग. दुसरं काही बोलू नकोस. मला सांगितलं होतंस ना तेव्हा, तसंच.”

मॅडमनी फोन उचलला. मी दोन वाक्यांत सांगून फोन त्याच्या हातात दिला. सुरुवातीला तो अडखळला. एकदा तर फोन मला परत द्यायला लागला. मग मॅडमनी बहुधा काहीतरी नेमकं विचारलं असावं, कारण तो “नाही मॅडम, तसं नव्हतं,” म्हणत एकदम उठला आणि बोलत बोलत कठड्यापाशी गेला. त्याचा मोकळा हात हवेत यादीच्या रांगा आखत होता. मी त्याचा गार झालेला चहा दोनदा बदलून आणला. तिसरा त्याने पिऊन टाकला, फोन कानालाच ठेवून.

त्याने आपला कागद त्याच संध्याकाळी स्कॅन करून मॅडमना पाठवला. मी माझाही पाठवला.

पण त्याआधी, म्हणजे त्याच दिवशी सकाळी, मला बाणेरहून उत्तर आलेलं होतं. मॅडमचाच फोन होता. मी इरफानला ते सांगितलं नव्हतं.

“कल्याणी, तुझं काम तुझंच आहे याबद्दल मला कणभर शंका नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “पण वरून नकार आलाय. टिपणीस आत आहेत. तुला घेतलं तर एकाच इमारतीत दोघांचं भांडण, असं वरच्यांचं म्हणणं. दोघांपैकी कोण खरं हे कंपनीने का ठरवावं, म्हणतात.”

“म्हणजे सरांनी घेतलं ते चालतं, आणि मी माझं आहे म्हणाले तर ते भांडण?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “असंच आहे. मला लाज वाटतेय.”

“त्यांना फळ्यासमोर प्रश्न विचारले होते ना आपण? तुमच्या प्रश्नावर ते निघून गेले.”

“मी सांगितलं वरती.”

“मग?”

“ते म्हणाले, मुलाखतीच्या खोलीत काय झालं याला कागद काय?”

तर आता कागद होते. दोन. आणि दोन वेगवेगळी माणसं, वेगवेगळी कामं, त्याच लाल पेनाच्या रेघा, आणि दोन्ही खोडलेल्या ओळी तिसऱ्याच माणसाच्या रेझ्युमेत जशाच्या तशा. दहा दिवसांत निकाल लागला. हर्षल सरांना बोलावलं, इरफानच्या कामावर प्रश्न विचारले, त्यांना सांगता आलं नाही. ते अजून प्रोबेशनवर होते, त्यामुळे फार काही करावं लागलं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि कंपनीने तो स्वीकारला. अनुभवाचं पत्र मिळालं, निरोपाचा केकही कापला म्हणे. महिन्याभरात त्यांना दुसरीकडे, त्याहून वरची जागा मिळाली. कोणत्या रेझ्युमेवर, ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

इरफानने पुढच्याच महिन्यात चिंचवडच्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि पहिल्याच फेरीत निवडला गेला. निवड झाल्यावर त्याने मला आधी फोन केला आणि मग आईला, हे त्याने आईला सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

एप्रिलच्या शेवटी मॅडमचा मला पुन्हा फोन आला. मी तेव्हा कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर राहत होते, आणि त्या दुपारी रजा घेऊन खोलीवरच होते.

“कल्याणी, वरून होकार आलाय. ती जागा अजून रिकामी आहे. पगार आपण बोललो होतो त्याहून थोडा जास्तच देतील. सोमवारी येशील?”

वडिलांना मी आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं की अजून कुठे जमलं नाही. मला नोकरी हवी होती. खराडीच्या ऑफिसात आता माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. सरांच्या पोटावर पाय दिला, असं मागून म्हणायचे.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी मी एकटी होते. फळ्यावर सगळं मांडून दाखवलं. तेव्हा त्यात काय कमी होतं?”

त्यांच्या पाठीमागे कुणाचा तरी कीबोर्ड वाजत होता.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या.

“मग एकटी असताना ते भांडण कसं होतं, आणि इरफानचा कागद आल्यावर ते खरं कसं झालं?”

“याचं उत्तर माझ्याकडे नाही गं.”

“मी नाही येत, मॅडम.”

“नीट विचार कर. अशी जागा—”

“केलाय विचार. जिथे मी खरं बोलले तरी दुसऱ्या कुणीतरी येऊन ते खरं ठरवावं लागतं, तिथे मला रोज सकाळी जायचं नाही. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही निदान कागद दाखवलात.”

त्यांनी पुढे काही समजावलं नाही. “ठीक आहे,” म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “बरोबर आहे तुझं.”

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी हडपसरला एक मुलाखत होती. सलवार-कुर्ता इस्त्रीला टाकायचा राहिला होता, तो घेऊन मी खाली उतरले.